तळची ओळ

आमच्या मालकांना कुणाशीच जमवून घेता यायचं नाही. रत्नागिरीत स्वतःचा छापखाना काढला. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, आंब्याच्या पेट्यांवरची लेबलं, जो जे सांगेल ते छापून देऊ म्हणाले, इथवर ठीक होतं. पण सगळ्या जातींच्या सहभोजनाचं पत्रक छापलं आणि निम्म्या आळीने लग्नपत्रिका दुसरीकडे नेल्या. मग सनातन्यांनी त्याला उत्तर लिहून आणलं, तर तेही यांनी छापलं! सुधारक खवळले. मी छपाईचे खिळे जुळवणारा माणूस, पण लोक रस्त्यात अडवून मलाच विचारायचे, तुझा मालक नक्की कुणाचा रे? मी म्हणायचो, त्यांनाच जाऊन विचारा, मला कामं आहेत.

मिठाच्या सत्याग्रहाच्या वर्षी मात्र त्यांनी बाजू घेतली. सरकारला नको असलेली पत्रकं आम्ही छापू लागलो. भर दुपारी, गाव जेवून आडवं झालं की दार लोटायचं. मी जुळवायचो, ते छापायचे. वहिनींना, म्हणजे मालकीणबाईंना, याचा पत्ता नव्हता. या पत्रकांवर छापखान्याचं नाव अर्थातच नसे. एरवी कायद्याने प्रत्येक कागदाच्या तळाशी मुद्रकाचं नाव आणि पत्ता लागायचा. ती ओळ रोज कोण जुळवत बसणार? मी ती दोऱ्याने बांधून हाताशी ठेवलेली असे. मजकूर संपला की हात आपसूक तिकडे जाई.

एका दुपारी त्या चोरट्या पत्रकालाही तो हात गेला. झालं, एवढंच. उकाड्याने डोकं बधिर झालेलं, मालकांना घाई, प्रूफ काढलंच नाही. पत्रकं पार चिपळूणपर्यंत वाटली गेली, तळाशी मालकांचं नाव आणि पत्ता, ठसठशीत! तिसऱ्या दिवशी पोलीस दारात.

कोर्टात विचारलं, खिळे कुणी जुळवले? मालक म्हणाले, "मी." माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. अहो, त्यांना धड एक ओळ जुळवता येत नव्हती. वर्षाची सजा झाली, छापखान्याला कुलूप लागलं. आणि ज्या गावाने त्यांना वाळीत टाकायचंच बाकी ठेवलं होतं, ते म्हणू लागलं, काय छाती आहे बघा, नाव घालून छापलं! मला शरमेने मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

वहिनींना ते कौतुक सोसवत नव्हतं. घरात दोन मुली लग्नाच्या. जेलात भेटीला मी त्यांच्यासोबत गेलो होतो. नवऱ्याला त्या म्हणाल्या, "नाव मिरवायची एवढी हौस होती, तर पोरींचा विचार कुणी करायचा?" मी शेजारीच उभा. शब्द तोंडाशी आला होता, खोटं नाही सांगत. पण शिपाई ऐकत होता. ही आपली सबब. खरं म्हणजे मी भ्यालो.

मालक सुटून आले ते खोकला घेऊनच. छापखाना पुन्हा उघडला नाही. वहिनींना खरं सांगायचा मी एकदा विषय काढला तर म्हणाले, भोगून झालंय, आता उकरू नकोस. तिला सांगितलंस आणि ती कुठे बोलून गेली, तर तुला उचलतील. मी लगेच मान डोलावली. फार सोयीचं होतं ना ते! वहिनी ताट वाढायच्या, काढा करून द्यायच्या, पण त्यांच्याशी बोलायच्या नाहीत. काही विचारायचं झालं तर मुलींकरवी. असं दोन वर्षं चाललं आणि मालक गेले.

तेरावा झाल्यावर मी वहिनींकडे गेलो. त्या पडवीत तांदूळ निवडत होत्या. मी सगळं सांगून टाकलं. वाटलं होतं, शिव्या देतील, सूप अंगावर फेकतील. तेही चाललं असतं. त्यांनी सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला. मग म्हणाल्या, "शेवटल्या दिवशी त्यांनी पाणी मागितलं. मी पोरीच्या हाती पाठवलं, स्वतः गेले नाही."