रुमालसाहेबांनी धुतलेला फिल्टर

रुमालसाहेबांना हे नाव कोणी ठेवलं याबद्दल गल्लीत दोन मतं आहेत, पण का ठेवलं याबद्दल एकच. सरकारी इमारतींच्या स्वच्छतेची तपासणी करायच्या नोकरीत त्यांनी तेहेतीस वर्षं काढली आणि तेवढ्या काळात स्वतःच्या हाताने एक खोली झाडली नाही. काम एवढंच, की खिशातून पांढराशुभ्र रुमाल काढायचा, कपाटाच्या माथ्यावरून, खिडकीच्या चौकटीवरून फिरवायचा, आणि त्याला जे काही लागेल ते झाडणाऱ्या बाईच्या नाकासमोर धरायचं. "हे काय आहे?" एवढे तीन शब्द बोलण्यासाठी सरकार त्यांना पगार देत होतं. तो रुमाल रोज धुवायची बायको. तिला कोणी पगार देत नव्हतं.

निवृत्तीनंतर खातं सुटलं, रुमाल सुटला नाही. आता तपासायचं कोणाला? बायको एव्हाना निर्ढावलेली. मुलगी नर्स, ती दिवसभर दवाखान्यात. राहता राहिली गाडी.

गाडी पांढरी, अठरा वर्षांची, दोन लाख नव्वद हजार किलोमीटर धावलेली. रोज सकाळी तिला तीन फडकी लागत: एक ओलं, एक कोरडं आणि एक उगाच. टायरच्या खाचांत अडकलेले खडे साहेब दात कोरायच्या काडीने काढत. काच अशी, की त्यात शेजारीण वेणी घालून जाई. पण हा सगळा थाट वरवरचा. बोनेटच्या खाली, जिथे रुमाल पोचत नाही, तिथे काय चाललं आहे याची साहेबांना फिकीर नव्हती. एकदा, गाडी नवी असताना, गॅरेजमधल्या कामगाराचा काळा अंगठा सीटवर उमटला होता. त्या दिवसापासून गॅरेज बंद. घरी तेल बदलावं, तर अंगणातल्या फरशीवर काळे थेंब पडतील. मग काय, तेल कमी झालं की वरून थोडं ओतायचं, झाकण लावायचं, झाकण पुसायचं आणि चारचौघांत छाती काढून सांगायचं, "आमच्या इंजिनाला आजवर कोणाचा हात लागलेला नाही!" जणू न लागलेला हात म्हणजे केलेली निगा.

हात लावू शकणारा माणूस खरं तर घरातलाच होता. साहेबांच्या बायकोचा धाकटा भाऊ पक्का मिस्त्री, चौकात त्याचं स्वतःचं गॅरेज. पण त्याच्या नखांतलं काळं काही केल्या जात नसे, आणि साहेबांच्या लेखी माणूस म्हणजे नखं. मेहुणा घरी आला की खुर्चीवर आधी वर्तमानपत्र अंथरलं जाई. पंचवीस वर्षं तो आपल्या बहिणीच्या घरी कालच्या बातम्यांवर बसून चहा पीत होता. दुसरा असता तर कप फेकून निघून गेला असता. हा मात्र उठताना वर्तमानपत्राची नीट घडी घालून जाई.

अशात मुलीला नवी जागा मिळाली. आसपासच्या वस्त्यांत घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्या आजाऱ्यांना बघायचं काम. चार वर्षं ती या जागेची वाट बघत होती. पत्रात अट स्पष्ट होती: ठरलेल्या सोमवारी सकाळी आठ वाजता स्वतःच्या चालू गाडीसह हजर व्हावं, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या नावाला जाईल. सोमवारला अजून दोन महिने होते. साहेबांनी भर गल्लीत जाहीर केलं, "माझी गाडी देतो. नव्या गाडीच्या तोंडात मारेल!"

त्या रविवारी मेहुणा आला. चहा पिण्याआधी अंगणात गेला, बोनेट उघडलं, इंजिनावरचं तेलाचं झाकण फिरवून काढलं आणि उलटं करून बघितलं. झाकणाच्या आतल्या बाजूला बोटभर जाडीचा काळा चिकट थर होता, उन्हात वितळलेल्या डांबरासारखा.

"ताई," त्याने हाक मारली, "इकडे ये, बघ तुझा संसार."

साहेब तरातरा आले. "झाकण खाली ठेवा आधी. फरशीवर नका ठेवू!"

"भाऊजी, हे सगळं इंजिनात बसलंय. वर्षानुवर्षं जुन्यातच नवं ओतलंत ना."

"इंजिन आवाज करतं का? धूर सोडतं का?"

"नाही करत. मळाचीही त्याला सवय झालीये. आता जुन्या इंजिनांसाठी आतून साफ करणारं तेल मिळतं. चांगलं असतं. पण ते हळूहळू मळ सोडवतं, आणि सुटलेला मळ जायला वाट लागते. पाचशे किलोमीटर झाले की ते तेल काढून टाकायचं, फिल्टर नवा घालायचा. मग परत तेच. असं तीनदा. एका झटक्यात नाही जमत हे. गाडी माझ्याकडे सोडा."

फिल्टर म्हणजे मुठीएवढा पत्र्याचा डबा, आत घडीघडीचा कागद. इंजिनातलं तेल त्यातून गाळून फिरतं आणि घाण कागदावर अडकते. एवढं साधं काम, पण त्याच्यावर सगळं इंजिन उभं.

"स्वच्छतेबद्दल," साहेब सावकाश म्हणाले, "तुम्ही मला शिकवणार?" आणि मेहुण्याच्या नखांकडे बघितलं.

"नाही," मेहुणा म्हणाला. "तेलाबद्दल."

साहेब तिथेच चिडले, आणि चिडले की ते स्वतः काम करायला निघत. दुसऱ्या दिवशी दुकानातून साफ करणाऱ्या तेलाचा डबा आणला. दुकानदार म्हणाला, "सोबत फिल्टर देऊ ना?" साहेब हसले. तेहेतीस वर्षं त्यांनी एकच मंत्र जपला होता: धुतलं की नवं. पायपुसणी धुतली जातात, पडदे धुतले जातात, मग फिल्टरने काय घोडं मारलंय?

त्या दिवशीचा सोहळा गल्लीने गच्चीवरून बघितला. फरशीवर चार थर वर्तमानपत्रं, हातात बायकोचे भांडी घासायचे रबरी मोजे, नाकाला रुमाल. जुनं तेल बादलीत उतरलं, म्हणजे पडलं नाही, लोंबकळत आलं. साहेबांनी ते बघितलंच नाही, मान फिरवून उभे राहिले. मग पान्याने फिल्टर काढला, पेट्रोलने विसळला, कपडे धुवायच्या पावडरीत तासभर बुडवून ठेवला, नळाखाली धरला आणि वाळत घातला. कुठे? दोरीवर, मोज्यांच्या शेजारी, चिमटा लावून.

बायको म्हणाली, "अहो, माझ्या भावाला एकदा विचारलं असतं..."

"तुझ्या भावाला विचारून मी आंघोळही करायची का?"

फिल्टर वाळला. निदान बाहेरून वाळला. साहेबांनी तो परत बसवला, नवं तेल ओतलं, झाकण पुसलं.

आणि मग रोज सकाळी तपासणी सुरू झाली. इंजिनातली तेलाची पातळी बघायची पट्टी उपसायची, पांढऱ्या रुमालावर पुसायची. पहिल्या दिवशी मधासारखा डाग. चौथ्या दिवशी तपकिरी. आठव्या दिवशी काळाकुट्ट. दुसऱ्या कोणाला काळजी वाटली असती. साहेबांना उभ्या आयुष्यात एवढा आनंद झाला नव्हता. तेहेतीस वर्षांत एकाही कपाटाने त्यांना एवढी घाण दिली नव्हती!

"हे काय आहे?" रुमाल फडकवत ते दूधवाल्याला विचारत. "मळ! किती ओढून काढतंय बघा!" शिंप्याला दाखवला, टपालवाल्याला दाखवला. शेजारणीने तर दोन दिवस मागच्या दाराने येजा केली.

पाचशे किलोमीटर कधीच झाले. तेलाने काम करावं म्हणून साहेब रोज सकाळ-संध्याकाळ गाडी फिरवून आणत होते. नऊशे झाले. मुलीने विचारलं, "बाबा, मामा म्हणाला होता ना, पाचशेला तेल काढा?"

"काम जोरात चाललंय, मध्येच कशाला थांबवायचं? झाडणारी बाई अर्धी खोली झाडून झाली की तिला घरी पाठवतात का?"

"पण बाबा, कचरा सुपलीत भरला की सुपली रिकामी करतात ना?"

हा प्रश्न साहेबांना ऐकू आला नाही. बिनसोयीचं काही ऐकू न येणं हा त्यांच्या खात्यातला जुना गुण.

सोमवार दोन दिवसांवर आला. शनिवारी सकाळी साहेब मुलीला सराव द्यायला घेऊन निघाले. सराव म्हणजे स्वतः चालवायचं आणि तिने बघायचं. चढ चढून गाडी चौकाकडे उतरली, सिग्नलला थांबली, आणि समोरच्या पट्टीवर तेलाच्या चंबूचं लाल चित्र लुकलुकलं. इंजिनाचं तेल पुरेशा जोराने फिरत नाही, असा त्याचा अर्थ.

"बाबा, लाल दिवा लागलाय."

साहेबांनी वाकून बघितलं, खिशातून रुमाल काढला आणि दिव्यावरची काच पुसली.

दिवा तसाच. त्यांनी पुन्हा पुसली. या वेळी तोंडाची वाफ देऊन.

"धूळ बसलीये," ते म्हणाले. "आतून."

तेवढ्यात बोनेटखालून आवाज सुरू झाला. टकटक, टकटक, कोणीतरी आतून दार ठोठावावं तसा. चौकाच्या पलीकडे, शंभर पावलांवर, मामाचं गॅरेज दिसत होतं. मामा दारातच उभा होता.

"बाबा, इंजिन बंद करा."

"इथे? त्याच्या डोळ्यांदेखत?" साहेबांचा पाय ॲक्सिलरेटरकडे सरकला. "घरी जाऊन बघतो मी. वेग घेतला की जातो दिवा."

मुलीने बापाकडे बघितलं. तिच्या चार वर्षांचा सौदा हा माणूस कशासाठी करत होता? तर मेहुण्याने "म्हटलं होतं" असं म्हणू नये म्हणून. तिने हात लांबवून किल्ली फिरवली, उपसली आणि आपल्या पर्समध्ये टाकली. टकटक थांबली. मागच्या गाड्यांनी भोंगे वाजवले.

"किल्ली दे इकडे!"

"उतरून ढकलता, की बसून राहता?"

साहेब बसून राहिले. मुलगी, एक भाजीवाला आणि चष्मा सावरत आलेला एक मास्तर, अशा तिघांनी मिळून गाडी ढकलली. स्टेअरिंगचं कुलूप सुटण्यापुरती किल्ली मुलीने परत लावली, साहेबांनी स्टेअरिंग धरलं, आणि गाडी गॅरेजच्या दारातून आत जाताना, या माणसाची कमाल बघा, काच खाली करून ते म्हणाले, "भिंतीला घासू नका!"

मामा लगेच कामाला लागला. गाडी वर उचलली, तळाचा चेंबर, म्हणजे तेल साठायचं पत्र्याचं भांडं, खोलून खाली घेतला. जिथून इंजिन तेल खेचतं, ती जाळी मळाने पार लिंपली गेली होती, सुई जायला जागा नव्हती. मग त्याने फिल्टर कापला. आतल्या घड्यांचा कागद भिजून, फाटून, लगदा होऊन बसला होता. मामाने बोटावर लगदा घेतला, वास घेतला, थांबला, परत घेतला.

"भाऊजी," तो म्हणाला, "कपडे धुवायच्या पावडरीचा वास येतोय का?"

साहेब छताकडे बघू लागले. छताला जाळी होती कोळ्याची. एरवी त्यांनी लगेच दाखवली असती.

"त्यांनी धुतला होता," मुलगी म्हणाली. "दोरीवर वाळत घातला होता. मोज्यांसोबत."

पंचवीस वर्षांत पहिल्यांदा मामा जमिनीवर बसून हसला. डोळ्यांतून पाणी आलं, ते त्याने मनगटाने पुसलं आणि गालभर काळं करून घेतलं. मग हसू आवरून तो भाचीला म्हणाला, "बेअरिंगं शाबूत दिसताहेत. तू बंद केलीस म्हणून. अजून एक चौक गेली असती, तर सोमवार विसरायला लागला असता."

"होईल का रे मामा, सोमवारपर्यंत?"

"तू जा झोप काढ. सोमवारी सातला ये."

"तेल कोणतं घालणार?" साहेबांनी विचारलं. हा माणूस अजून तिथेच होता.

"तुम्ही घातलं तेच. तेल चांगलंच होतं, भाऊजी. त्याने आपलं काम चोख केलं. तेवढ्या एकानेच केलं."

शनिवार-रविवार मामा गाडीखाली होता. जाळी साफ केली, चेंबर खरवडला, नवा फिल्टर, नवं तेल. बहीण दोन्ही दिवस डबा घेऊन गेली आणि गॅरेजमधल्या तेलकट बाकड्यावर, काहीही न अंथरता, भावाशेजारी बसून जेवली. साहेब घरी वर्तमानपत्र वाचत होते. अंथरायला कोणी नव्हतं, म्हणून वाचत होते.

सोमवारी सव्वासातला मुलगी गाडी घेऊन घरी आली, बॅग उचलायला. इंजिन असं चालत होतं, की चालू आहे की बंद हे कान देऊन ऐकावं. पण बोनेटवर, अगदी मधोमध, काळा पंजा उमटला होता. मामाने बोनेट दाबून बसवलं होतं त्याचा. पाचही बोटं स्पष्ट.

साहेब रुमाल काढून धावले.

"हात लावू नका," मुलगी म्हणाली. आवाज चढवला नाही. आजाऱ्याला पडून राहायला सांगावं तसं सांगितलं.

"अगं, पहिल्या दिवशी अशी गाडी घेऊन जाणार? लोक काय म्हणतील?"

"गाडी चालू आहे म्हणतील. पत्रात तेवढंच मागितलंय." ती आत बसली. "आणि तेल पाचशेला मामा बदलेल. किल्ली माझ्याकडेच राहील."

पावणेआठला ती पोचली. आठला सही केली. तो पंजा पुढे महिनाभर वस्त्यावस्त्यांतून हिंडला, आणि आजाऱ्यांच्या घरची पोरं त्यावर आपले हात ठेवून मापं बघत.

साहेबांनी गल्लीत काय सांगितलं? हेच, की इंजिन साफ करून घेतलं, स्वतः लक्ष घालून. "मेहुणा होता मदतीला," असंही जोडलं, मोठ्या मनाने.

तेवढ्यावर थांबले असते तर ते रुमालसाहेब कसले? मामाने कापलेला फिल्टर एका पिशवीत घालून बहिणीकडे पाठवला होता, भाऊजींना आठवण म्हणून. शेजारीण शपथेवर सांगते, की त्याच दुपारी साहेब मोरीत बसले होते, हातात रबरी मोजे, समोर पावडरीचा फेस, आणि त्या दोन तुकड्यांना जुन्या टूथब्रशने घासत होते. संध्याकाळी दोरीवर दोन चिमटे जास्त होते.