आधी आजींचे डोळे

डॉक्टर मालतीबाईंना मी प्रथम भेटले ती नोकरी मागायला, साठच्या दशकाच्या आरंभी. नंदुरबारच्या त्यांच्या दवाखान्यात माझी परिचारिकेची प्रमाणपत्रे बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, "हात दाखवा." नखे पाहिली आणि मला ठेवून घेतले. बाई जरा विक्षिप्तच वाटल्या. एकेका रुग्णानंतर त्या साबणाने हात धूत आणि उन्हाळ्यात तेवढे पाणी भरता भरता माझा जीव मेटाकुटीला येई. त्यांच्या षष्ट्यब्दीपूर्तीनिमित्त लिहायला बसले, तर आधी ते पाणीच आठवले.

तेव्हा डोळे चोळत येणारी मुले फार असत. पापण्यांच्या कडा लाल, केसांच्या मुळाशी खपल्या, सकाळी डोळे चिकटलेले. उष्णता झाली म्हणून घरची माणसे सोडून देत. बाई आईला जवळ बसवून स्वतः करून दाखवत. पाणी उकळून कोमट करायचे, स्वच्छ फडक्याने मिटल्या डोळ्यांवर शेक द्यायचा, खपल्या मऊ झाल्या की कापसाने हलकेच पुसायच्या, दुसऱ्या डोळ्याला दुसरा कापूस, मग मलम. काजळ मात्र बंद.

कोरीट गावच्या रखमाची लहानगी चंद्री अशीच बरी होई आणि पुन्हा डोळे चोळत येई. एकदा तर चोळून चोळून बुबुळावर व्रण पडला होता. "आता बळावलं तर पोरीची नजर जाईल," बाई म्हणाल्या.

रखमा रडू लागली. "मी नही लावस काजय, बाई. मन्ही सासू लावस."

माझ्या जिभेवर चार कडक शब्द आले होते. बाईंनी मात्र बॅग उचलली आणि आम्ही बैलगाडीने कोरीटला गेलो.

दिवेलागणीची वेळ होती. चंद्रीची आजी नातवंडांना ओळीने बसवून एकाच डबीतले काजळ एकाच बोटाने घालत होती. आम्हांला पाहून म्हणाली, "काजय नही लावं ते पोरले नजर लागी जाई!"

बाईंनी वाद घातला नाही. त्या आजींकडेच पाहत होत्या. आजींच्या एका डोळ्यात फूल पडलेले, दुसऱ्याच्या पापणीचे केस आत वळून डोळ्याला टोचत होते. त्या सारखा डोळा चोळत आणि तेच बोट मुलांच्या डोळ्यांत जाई.

"आजी, आधी तुमचे डोळे बघू. किती टोचत असेल हो!"

आजींनी डबी खाली ठेवली. मग पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "इतला वरीसमा कोनी इचारं नही, माय."

बाईंनी टोचणारे केस चिमट्याने अलगद काढले, शेक दिला, आणि मग सांगितले, "तुमचं दुखणं बोटावरून चंद्रीच्या डोळ्यात जातंय. नजर लागू नये म्हणून तीट कानामागे लावा, डोळ्यात नको." आजींनी आपल्या बोटाकडे पाहिले. उठून त्यांनी हात धुतला आणि चंद्रीच्या कानामागे तीट लावली. चंद्रीची नजर वाचली. पुढे आजींनीही पापणीची शस्त्रक्रिया करून घेतली.

त्या संध्याकाळी निघताना आजींनी बाईंनाही वाकायला लावले होते. "तुले बी नजर नको लागाले," म्हणत कानामागे काजळाचे बोट टेकवले. ऊठसूट हात धुणाऱ्या आमच्या बाईंनी ती तीट काही पुसली नाही.

आजी आता नाहीत. चंद्री कोरीटला शाळेत शिकवते. सत्काराला ती येणार आहे, आजींची डबी घेऊन. बाई, तुम्हांला निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. हारतुरे मागाहून होतील. आधी जरा वाका.