मागं कोण बसणार?

नीरजा टाकळीकरला सिडकोतल्या शेजाऱ्यांपेक्षा रस्त्याकडेचे गॅरेजवाले जास्त ओळखायचे. अपघात झालेल्या गाड्या बघायच्या, फोटो काढायचे, काय आत्ता मोडलं आणि काय आधीपासून मोडलेलं होतं ते ठरवायचं आणि विमा कंपनीला कळवायचं, हे तिचं काम. वय चाळिशीच्या पुढं. अंगानं बारकी, उंचीनं बेताची. लग्नाचं दोनदा जमता जमता राहिलं, मग तिनं जमवायचंच सोडून दिलं. घरात ती आणि तिचे वडील तात्यासाहेब.

तात्या भूमी अभिलेखच्या कचेरीत कारकून होते. सगळी हयात सातबारे आणि नकाशे बघण्यात गेली. माणूस शांत, पण एक खोड होती. चारचाकीत बसलं की त्यांना मळमळायचं. एसटीतही तेच. बायको गेल्यावर ते घरात एकटे खिडकीशी बसून राहायला लागले, तेव्हा नीरजानं एक दिवस स्कूटर विकली आणि क्रूझर मोटारसायकल घेतली. लांबलचक, ठेंगणी, पाय पुढं पसरून चालवायची गाडी. मागच्या सीटला तिनं खास बॅकरेस्ट बसवून घेतली. गल्लीतली पोरं तिला बुलेटच म्हणायची. ती बुलेट नव्हती, पण सांगत कोण बसणार!

तेव्हापासून नीरजा कामाला निघाली की तात्या मागं. डोक्याला मफलर, त्यावर हेल्मेट, हात मांडीवर. पैठण असो, वैजापूर असो, सिल्लोड असो. आणि वाटेत दिसेल ती पाटी मोठ्यानं वाचायची.

"एन.ए. प्लॉट, गेट बंद वसाहत, जलतरण तलाव." मग जरा थांबून, "प्यायला नाही पाणी न् पोहायला तलाव! नीरू, हे सगळं गायरान होतं बरं का. मी मोजणीला आलेलो हितं. एक बाभूळ होती नुसती."

बिडकीनकडं जाताना तर त्यांना दम खायला फुरसत नसायची. ज्वारीची रानं जाऊन तिथं चार पदरी रस्ते झालेले, रस्त्याकडेला दिव्यांचे खांब, कारखाने मात्र अजून यायचे होते. तात्या वाचत राहायचे. नीरजा बरेचदा ऐकायचीही नाही. पंख्याचा आवाज जसा ऐकू येत नाही, तसं.

मागच्या वर्षी पावसानं दगा दिला. पोळा कोरडा गेला, दसऱ्यालाच टँकर सुरू झाले. दिवाळी झाली आणि तात्यांना न्यूमोनियाचं निमित्त झालं. घाटीच्या सरकारी दवाखान्यात जागा मिळाली, डॉक्टरांनी केलं ते सगळं केलं, पण आठवडाभरातच ते गेले.

सगळ्यांना फोन मंदारनं केले. मंदार हा नीरजाचा मावसभाऊ. शेंद्र्याच्या एका कारखान्यात इंजिनिअर, बोलायला मोकळा, हौशी. अग्नी त्यानं दिला, माणसं त्यानं सांभाळली. तेरावा झाला, दुसऱ्या दिवशी नीरजा कामाला गेली. पाचोडजवळ एक ट्रक उलटला होता. तिनं नेहमीसारखे फोटो काढले. नातेवाईक म्हणाले, पोरगी खंबीर आहे. नीरजालाही काही दिवस तसंच वाटलं. रडू आज येईल, उद्या येईल म्हणून ती वाट बघत होती. ते आलं नाही. मग तिनं वाट बघणंही सोडलं.

मार्चपासून ऊन तापायला लागलं. एका दुपारी मंदार डबा घेऊन आला, तर ही पलंगावर बसलेली, घामानं कपडे अंगाला चिकटलेले.

"ताई, लाईट गेलीय का?"

"नाही."

"मग पंखा का बंद?"

तिनं वर बघितलं. "लावायचा राहिला," म्हणाली.

दुसऱ्या खेपेला याहून वाईट झालं. नळाला पाणी आठ-आठ दिवसांनी यायचं. आलं की सगळी गल्ली बादल्या, पिंपं घेऊन धावायची. त्या दिवशी नीरजाची गच्चीवरची टाकी भरून वाहायला लागली, पाणी जिन्यावरून अंगणात, अंगणातून रस्त्यावर आलं. शेजारच्या आशाबाई धावत आल्या तर नीरजा दारातच उभी. पाणी तिच्या चपलांवरून वाहत होतं आणि ती बघत होती.

"अगं, डोळे फुटले का तुझे? हंडाभर पाण्यासाठी लोक मरायलेत न् तू सोडून देयलीस!" आशाबाईंनी स्वतःच मोटर बंद केली. नीरजा "चुकलं" एवढंच म्हणाली. लाज वाटायला हवी होती. तीही वाटली नाही.

या दिवसांत फक्त एक गोष्ट तिला जाणवायची, ती म्हणजे माकडहाड. गाडीवर तासभर बसलं की कंबरेखाली सणक जायची. हाडांच्या डॉक्टरांनी तपासलं, कशावरून फिरता ते विचारलं आणि मान हलवली. "पाय पुढं पसरून बसता, सगळा भार बुडावर येतो. रोज एवढं फिरायचं तर बसणं बदला. जरा पुढं झुकून, पाय खाली घेऊन बसायची गाडी बघा."

मंदारला हे कळलं आणि त्याच्या अंगात आलं. बहिणीला कशाततरी गुंतवायला निमित्त हवंच होतं त्याला. स्वतः तो वेगाची, लांब पल्ल्याची गाडी चालवायचा आणि रविवारी मित्रांबरोबर वेरूळच्या घाटात जायचा. त्यानं चहा पितापिताच दोन गाड्या तिच्यापुढं मांडल्या.

"एक जपानी. तू हिच्यावर बसलीस ना, बाकी सगळ्या बैलगाड्या वाटतील. इंजिन म्हणजे लोणी. आणि एक ही आपली, इथलीच. वाईट नाही, पण जरा खरखरीत."

"सर्व्हिस?"

"जपानीची पुण्यात. सहा महिन्यांनी एक चक्कर, त्यात काय! तेवढंच फिरणं होईल."

"बघू," नीरजा म्हणाली. तिला दोन्हींचं सारखंच होतं. माठ घ्यायचा म्हटलं असतं तरी ती "बघू"च म्हणाली असती.

आधी ते इथल्या गाडीच्या शोरूममध्ये गेले, जालना रोडला. प्रांजली नावाची चुणचुणीत मुलगी तिथं विक्रीला होती. तिनं नीरजाला गाडीवर बसवलं, दोन्ही पाय जमिनीला लागतात का बघितलं. निम्मेच लागले. "शॉकअप थोडं खाली घेता येतं मॅडम, होऊन जाईल," म्हणाली. मग सामानाची पेटी कुठं बसते, पुढची काच वारा कसा तोडते, टाकी किती चालते, सगळं सांगितलं आणि सहज विचारलं,

"मागं कोण बसणार? रेग्युलर कुणी असेल तर मागची सीट मोठी करून देतो."

मंदार एकदम समोरच्या पोस्टरकडं बघायला लागला.

"कुणी नाही," नीरजा म्हणाली. आवाज तिला दुसऱ्याच कुणाचा वाटला.

गाडी तिनं मुकुंदवाडीपर्यंत नेऊन आणली. बसणं बरं होतं. मनगटांवर थोडा भार यायचा, पण कंबर मोकळी होती. वेग वाढला की हँडलमध्ये, पायाखाली बारीक थरथर यायची. परत येऊन तिनं चावी दिली. "ठीक आहे."

जपानी गाडी मंदारच्या एका मित्रानं दिली, मनासारखी फिरवून बघायला. झाल्टा फाट्यावरून नीरजा सोलापूर हायवेला लागली. मंदार त्याच्या गाडीवर मागून येत होता. रस्ता सरळ, दोन्ही बाजूंनी उघडी काळी रानं, नांगरून ठेवलेली आणि तशीच राहिलेली. कुठं टँकरची रांग, कुठं चारा छावणीचा मांडव. गाडी खरंच लोण्यासारखी होती. आवाज नाही, धक्का नाही. आडूळ आलं आणि मागं पडलं.

थोड्या वेळानं मंदारचे दिवे आरशात जोरजोरानं मिचकायला लागले. तिनं गाडी कडेला घेतली. मंदार उतरला तो हेल्मेट काढता काढताच ओरडला,

"वेड लागलं का तुला? किती होता माहितीये काटा? मला माझी गाडी ताणूनसुद्धा तू सापडेनास! मधी तो उसाचा ट्रॅक्टर आडवा आला, तू ब्रेकसुद्धा धरला नाहीस!"

"कुठला ट्रॅक्टर?"

मंदार तिच्याकडं बघत राहिला. त्याच्या ओठावरचा घाम तिला दिसला. घाबरलाय, तिच्या लक्षात आलं. मग आपण का नाही घाबरलो?

ती रस्त्याकडेच्या दगडावर बसली. एवढ्या वेगात आदळलेल्या गाड्या तिनं पुष्कळ बघितल्या होत्या. हँडल कसं दुमडतं, टाकी कशी चेपते, हेल्मेट कुठं सापडतं, सगळं तिला ठाऊक होतं. आणि तरी त्या एवढ्या रस्त्यात तिच्या मनात काही म्हणून आलं नव्हतं. वाटेतली एक पाटी तिला आठवेना. आडूळला पेट्रोलपंप आहे, धाबा आहे, कसल्या कसल्या जाहिराती आहेत, त्यातलं काहीही तिनं बघितलं नव्हतं.

"ही नको मला," ती म्हणाली.

"अगं, गाडीचा काय दोष त्यात?"

"दोष नाही. गाडी लई चांगली आहे. म्हणूनच नको. मी किती जोरात चाललेय ते ही सांगत नाही. मला आत्ता सांगणारी लागेल."

मंदार वाद घालायच्या तयारीत होता. पण त्यानं नुसतं हेल्मेट चढवलं. येताना तो पुढं राहिला आणि चाळीसच्या वर गेला नाही.

इथली गाडी ठरली. राहिली क्रूझर. तिच्यासाठी करमाडच्या बाजूचा रामप्रसाद म्हणून एक जण आला. घरची मेंढरं होती, ती दुष्काळात निम्मी विकून आता कारखान्यात सुरक्षारक्षक म्हणून लागला होता. बरोबर आई, बानाबाई. नऊवारी, पायात जाड वहाणा, कपाळाला मोठं गोंदण.

रामप्रसाद इंजिन ऐकत होता, टायर दाबत होता. बानाबाई सरळ मागच्या सीटवर चढून बसल्या आणि पाठ टेकून बघितली.

"व्हय रं, ही घी. हिला पाठ हाय," त्यांनी निकाल दिला. मग नीरजाकडं वळून, "कोन बसत व्हतं गं हितं?"

"वडील."

"मंग आता कशावर बसतेल?"

नीरजा जुडग्यातून गाडीची चावी सोडवायला लागली. बानाबाईंनी तिच्या तोंडाकडं नीट बघितलं, खाली उतरल्या आणि पदरानं सीट पुसली. पुन्हा काही विचारलं नाही. जाताना मात्र मागं वळून हट्टानं म्हणाल्या, "लेकी, आमच्याकडं ये येकदा. दूध लई नाय ऱ्हायलं, पर ताक घालीन." गाडी गल्लीच्या तोंडाशी वळली तेव्हा त्या पाठ टेकून ऐटीत बसल्या होत्या आणि एका हातानं मुलाच्या खांद्यावर मारत काहीतरी दाखवत होत्या. नीरजा आत आली आणि भांडी घासायला बसली.

नवी गाडी मे महिन्यात आली. पहिल्या दिवसापासून ती कामाला लागली. कंबर दुखायची थांबली, मनगटं दुखायला लागली, तीही आठवड्यात सरावली. साठच्या पुढं गाडी थरथरली की नीरजा मूठ सैल करायची.

सिल्लोडला शफीक मिस्त्रींच्या गॅरेजात एक चेपलेला टेम्पो बघायचा होता. दिवाळीच्या आधीपासून त्या बाजूला तिचं जाणं झालं नव्हतं. भर दुपारी ती पोचली, रस्त्याच्या कडेला गाडी स्टँडवर लावली आणि आत गेली. टेम्पोच्या पुढच्या चाकाजवळ वाकली होती, तेवढ्यात बाहेर धप्पकन आवाज झाला.

उन्हानं डांबर लोण्यासारखं झालं होतं. स्टँड त्यात रुतत गेला आणि गाडी आडवी झाली होती.

"आई गं!" नीरजा ओरडली. एवढ्या मोठ्यानं, की पलीकडचा पानवालाही उठून उभा राहिला. ती धावली. दोघातिघांनी मिळून गाडी उभी केली. टाकीवर, डाव्या अंगाला, बोटभर लांबीचा ओरखडा आला होता. कोऱ्या निळ्या रंगातून पांढरं दिसत होतं. नीरजा त्यावरून बोट फिरवत राहिली. राग आला, गाडीचा, डांबराचा, स्वतःचा. "नवी आहे हो, अजून पंधरा दिवस नाही झाले," ती त्या अनोळखी माणसांना सांगत सुटली. ट्रकच्या केबिन पत्र्याच्या गोळ्यासारख्या झालेल्या बघून जी बाई हूं की चूं करत नसे, ती एका ओरखड्यासाठी रडवेली झाली होती.

शफीक मिस्त्रींनी तिला आत सावलीत बसवलं, माठातलं पाणी दिलं. "बेटा, इतना तो चलता है. मैं पॉलिश मारून देतो, दिसणार बी नाही." मग बाहेर डोकावून म्हणाले, "तात्यासाब किधर? आज नाय आणले?"

नीरजा पाणी प्यायली. गेल्या सहा महिन्यांत याचं उत्तर तिच्यासाठी नेहमी दुसऱ्या कुणीतरी दिलं होतं.

"तात्या गेले, शफीकभाई. दिवाळी झाली आणि गेले."

मिस्त्री खाली बसले. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली. टेम्पोखाली काम करणारा माणूस बाहेर आला होता, तोही हात पुसत उभा राहिला.

"पिछले साल मुझे बोले, तुझ्या गॅरेजच्या पाटीवर दुरुस्तीचा रु चुकलाय म्हणून," शफीकभाई हळू आवाजात म्हणाले. "मैंने ठीक करवाया."

"करवलं?"

"जाके देखो."

ती लगेच उठली नाही. चहा आला, तो ती प्यायली. गोड होता, फार गोड. मग टेम्पोचं राहिलेलं काम पुरं केलं, उरलेले फोटो काढले. मिस्त्रींनी टाकी घासायला फडकं घेतलं, तर ती म्हणाली, "राहू द्या, पुढच्या खेपेला." स्टँडखाली त्यांनी एक पत्र्याचा तुकडा दिला, उन्हाळाभर जवळ ठेव म्हणाले. तिनं तो पेटीत टाकला, मान वर करून पाटीवरचा दुरुस्तीचा रु बघितला आणि ती निघाली. चौक्याच्या घाटात समोरून टँकर येत होते, एकामागं एक, आणि ती त्यांना बाजू देत, मूठ सैल करत सावकाश खाली उतरत होती.