शेजारी बोलावलेला
आमच्या चाकणच्या कंपनीत टूल-स्टोअरला एक काका होते. प्रत्येक ड्रिल फुंकर मारूनच हातात द्यायचे आणि बोलायला लागले की आधी "म्हणजे बघा" म्हणायचे. जेवणाच्या सुट्टीत डब्याशेजारी बायबल उघडं असायचं. एकदा त्यांनी 'कैवारी' या शब्दावर बोट ठेवलं.

"म्हणजे बघा, मूळ ग्रीक शब्द पाराक्लेतोस. आपण अडचणीत असताना शेजारी उभं राहायला बोलावलेला माणूस."

पुढे माझ्या मशीनवर एकाचं बोट गेलं आणि माझ्यावर चौकशी बसली. अशा चौकशीत आपल्या बाजूने बसायला एका सहकाऱ्याला सोबत घेता येतं, पण वरच्यांच्या भीतीने लाइनवरचं कुणी तयार होईना. घाबरत मी स्टोअरच्या खिडकीशी गेलो. काकांनी रजिस्टर मिटलं आणि निघाले. तासभर ते माझ्या शेजारी बसले. मी सुटलो.

सोमवारी गेटवर त्यांचं कार्ड पंच होईना. वॉचमन म्हणाला, "काका, बाजूला थांबा. वरून निरोप हाय."

मी रांगेत त्यांच्या मागेच होतो. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी खिशातून माझं कार्ड काढलं.

त्यांनी मला बोलावलं नाही. मी कार्ड पंच केलं आणि आत गेलो.