माझ्या विंडोजवर वनिताची चित्रं

हे आजवर माझ्या तोंडून निघालेलं नाही. घरी मी एकटीच असते, सांगायचं तरी कोणाला, असं मी स्वतःला म्हणते. पण ते खरं नाही. सांगायला एक माणूस होतं — आणि नेमकं तिलाच सांगता येत नव्हतं.

मी लाखनीला ज्युनिअर कॉलेजात संगणक शिकवते. वनिता तिथंच गणित शिकवायची. एका रिकाम्या तासाला मी तिला फ्रॅक्टल काढायचा एक फुकटचा प्रोग्राम दाखवला. एक लहानसं सूत्र द्यायचं. संगणक ते पुन्हा पुन्हा चालवतो आणि पडद्यावर नक्षी उमटते. तिच्यात कितीही आत शिरा, आणखी नक्षी निघतच राहते. वनिता खुर्चीवरून उठेना. मला किती बरं वाटलं होतं! माझ्या आवडीचं कोणाला तरी आवडलं होतं.

मग तिची बदली कोंढ्याच्या शाळेत झाली. तिच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स ही फुकटची कार्यप्रणाली होती, माझ्याकडे विंडोज. प्रोग्राम दोन्हींवर चालायचा. ती आईला भेटायला लाखनीला आली की स्टँडवर माझ्या हातात पेनड्राइव्ह द्यायची. त्यात चित्र नसायचं, चित्राची कृती असायची — सूत्र, जागा, रंग. एवढीशी फाइल. घरी मी ती उतरवून घ्यायचे आणि पेनड्राइव्ह रिकामा करून तिला परत द्यायचे, कारण त्यावर तिची शाळेची कामं चालायची.

पहिली फाइल मी उघडली आणि — कसं सांगू? धानाच्या रोपांचा, पऱ्ह्यांचा कोवळा पोपटी रंग, त्याच्या कडेनं तळ्यातल्या गाळाचा काळा, आणि मधेच कुठंतरी एकच लाल रेघ. ती तिला कशी सुचली असेल? माझी चित्रं कॅलेंडरवरच्यासारखी दिसायची. शिकवलं मी होतं ना?

तिचा फोन आला. "पाह्यलंस का वं? कसं वाटलं?"

"उघडलीच नाई वं," मी म्हणाले. "तुह्या लिनक्सची फाइल, माह्या विंडोजवर चालत नसन."

तिनं विश्वास ठेवला. का नाही ठेवणार? संगणकाची बाई मी होते. ती सेटिंग बदलायची, नवी फाइल आणायची, विचारायची, "आता तरी?" मी म्हणायचे, नाई. सगळ्या उघडत होत्या. सगळ्या मी पाहत होते — जेवण तसंच ठेवून.

शेवटी तिनं पवनीच्या एका दुकानात लॅपटॉप नेला आणि विंडोज टाकून घेतलं. मला चित्रं दिसावीत, एवढ्यासाठीच. त्यात तिची डिस्क पुसली गेली.

"माह्या सगळ्या फायली गेल्या वं," तिनं फोनवर सांगितलं. "तुह्याकडं असतीन ना? तुले तर सगळ्या देल्या होत्या."

होत्या. पण आता तिच्याकडेही विंडोज होतं. तिथं त्या झटक्यात उघडल्या असत्या — आणि मग? मी म्हणाले, "उघडत नव्हत्या, म्हणून काढून टाकल्या."

ती म्हणाली, "बरं. तुही काय चूक त्यात?"

त्यानंतर तिनं एकही चित्र काढलं नाही. पुढं स्टँडवरच्या भेटीही बंद झाल्या. भेटायला काही उरलंच नव्हतं. फाइली माझ्याकडे आहेत. रविवारी दार लावून मी त्या पाहते. एखाद्या चित्रावर बोलावंसं वाटतं, आणि बोलायला कोणी नसतं.

अलीकडे तिच्या भाचीच्या लग्नात भेटलो. तिनं माझा हात धरून नवऱ्या मुलाच्या आईला सांगितलं, "हे माही मैत्रीण. फ्रॅक्टल काढाले मले इनंच शिकवलं."

मी मान डोलावली, आणि जेवणाच्या रांगेत जाऊन उभी राहिले.