झिजलेल्या रिव्हॉल्व्हरचा रिपोर्ट

दुबईपलीकडच्या रास अल खैमातल्या एका टाइल कारखान्यात मी पंधरा वर्षं फरश्या नापास करतो आहे. केसाएवढी रेघ दिसली, कोपऱ्याचा टवका उडालेला दिसला की लाल फुली मारायची. बायको म्हणते, मी घरात पोळीसुद्धा उलटीसुलटी करून तपासतो. ते खरं आहे.

असा माणूस एका रंग उडालेल्या रिव्हॉल्व्हरच्या प्रेमात पडला, हे घरी कुणालाच पटलं नाही. मलाही पटायला वेळ लागला. दर शनिवारी मी गावाबाहेरच्या शूटिंग क्लबात जायचो. तिथे नवी चकचकीत पिस्तुलं होती, त्यांच्यासाठी लोक ताटकळायचे. जुनी रिव्हॉल्व्हर चारच होती आणि त्यांना कुणी हात लावत नसे. त्यातलं एक मी घ्यायचो. वर्षानुवर्षं कुणीतरी ते चामड्याच्या म्यानात सरकवलं असणार, कारण नळीच्या टोकाचा निळसर काळा मुलामा उडून आतलं पोलाद दिसत होतं. सिलिंडरभोवती फिरून फिरून बारीक कडं उमटलं होतं. लाकडी मुठीवरची नक्षी नेमकी अंगठ्याच्या जागी पुसली गेली होती आणि तिथे माझा अंगठा चपखल बसायचा. नेम माझा यथातथाच. त्याचं मला काही वाटत नसे.

क्लबाची शस्त्रं पेशावरकडच्या एका निवृत्त सुभेदारांच्या ताब्यात होती. सगळे त्यांना उस्ताद म्हणायचे. एकदा त्यांनी अभिप्रायाचा फॉर्म पुढे केला आणि शिकलेला माणूस म्हणून मीच काहीतरी लिहावं असं म्हणाले. मला त्या रिव्हॉल्व्हरचं तोंड भरून कौतुक करायचं होतं. पण पंधरा वर्षांत मला एकाच पद्धतीने लिहायची सवय लागली आहे. मी लिहिलं: नळीच्या टोकाशी दोन सेंटिमीटर मुलामा उडालेला. सिलिंडरवर अखंड चरा. मुठीवरची नक्षी चाळीस टक्के नाहीशी. कृपया नोंद घ्यावी. माझ्या परीने ते कौतुकच होतं.

महिन्याभराने उस्तादांनी मखमली कापडात गुंडाळून ते माझ्यासमोर ठेवलं. नवा मुलामा, नवी मूठ.

"आपकी शिकायत पर खास काम करवाया है, साब. अब एक दाग निकालके दिखाओ."

मी भिंग काढून अर्धा तास शोधलं. एकही सापडला नाही. मला रडू आलं. उस्तादांना वाटलं, आनंदाने. त्यांनी बिनदुधाचा सुलेमानी चहा मागवला आणि उरलेली तीन रिव्हॉल्व्हर टेबलावर मांडली. यांचेही रिपोर्ट लिहा, म्हणाले, क्लबाचे मालक फक्त लेखी तक्रारीवर काम करून देतात, लिहाल ते सगळं दुरुस्त होईल, इन्शाल्ला.

मी तिन्हींकडे पाहिलं. एकाचा तर निम्मा रंग गेला होता, दुसऱ्याच्या मुठीला तडा होता. मी पेन उचललं आणि नोकरीत कधी केलं नव्हतं ते केलं. तिन्ही फॉर्मवर लिहिलं: पृष्ठभाग निर्दोष, नव्यासारखा. खाली सही ठोकली.

उस्तादांनी रिपोर्ट वाचले. निम्मा रंग गेलेल्या रिव्हॉल्व्हरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग तिन्ही शस्त्रं हळूच माझ्यापासून लांब सरकवली.

"साब, आपको दिखता नहीं है," ते हळुवारपणे म्हणाले. "आँख का सर्टिफिकेट लाओ, फिर हथियार मिलेगा. और तीनों का रिपोर्ट दोबारा लिखना. तब तक फ़ाइल बंद, खलास."

मी डोळे तपासून आलो. दोन्ही उत्तम. डॉक्टर म्हणाली, या वयात अशी नजर क्वचितच बघायला मिळते. ते सर्टिफिकेट मी कपाटात बनियनांच्या खाली दडवलं आहे; दाखवलं तर तिन्हींचे रिपोर्ट पुन्हा लिहावे लागतील. लेक म्हणाली, "बाबा, जस्ट शो इट टू हिम." तिला समजावायला गेलो तर ती हेडफोन लावून आत निघून गेली. बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि इतकंच विचारलं, की मग आता शनिवारी घरी थांबणार का.

थांबत नाही. जातो आणि फायरिंग रेंजच्या काचेअलीकडे चहा घेऊन बसतो. हात शिवशिवतात. उस्ताद चष्म्याचं विचारतात, मी इन्शाल्ला म्हणतो. पलीकडे एखादा नवखा गडी ते निम्मा रंग गेलेलं रिव्हॉल्व्हर नाक मुरडत उचलतो, तेव्हा मला इथूनसुद्धा त्याचा प्रत्येक चरा मोजता येतो. उस्ताद माझ्याकडेच बघत असतात. मग मी डोळे बारीक करतो आणि त्यांना विचारतो, त्या माणसाच्या हातात नक्की काय आहे.