भ्र॥ म्हणजे भाऊ

मी आमच्या पणजोबांच्या बायकोला त्यांची बहीण केलं. तोंडी नव्हे, लेखी. काळ्या शाईत, वळणदार अक्षरात, आणि वर एक नक्कल काढून ती पोस्टानं सोयऱ्यांकडे धाडली.

महाराष्ट्र होऊन दोनेक वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. मी उंद्रीजवळच्या आमच्याच गावात शाळेवर मास्तर होतो, वय चोवीस. घरचा भाजीपाल्याचा मळा वडील आणि धाकटी बहीण मिळून बघत. मला मळ्यात कुणी बोलवत नसे, कारण मी वांग्याच्या रोपांबरोबर गवतालाही मन लावून पाणी देतो असा माझा लौकिक होता. अशा रिकाम्या माणसाला खूळ लागायला वेळ लागत नाही. मला वंशावळीचं लागलं. गावातल्या एका म्हाताऱ्या पटवाऱ्याकडे मी मोडी शिकायला जाऊ लागलो. अक्षरं ओळखू यायला लागली तसा शिकायचा थांबलो. पटवारीबुवा म्हणाले, ‘‘आखूड लिवायच्या खुणा राह्यल्या अजून. त्या शिकून घे, नाई तं फसशीन.’’ मी म्हटलं, संदर्भानं कळतं हो सगळं.

या खुळात मला एक जोडीदार होता. दुसरबीडच्या पलीकडच्या एका गावचे हेडमास्तर, माझ्याहून वीस वर्षांनी मोठे. बुलढाण्याला शिक्षकांच्या शिबिरात आम्ही एका खोलीत होतो आणि इतर मंडळी पत्ते कुटत असताना आम्ही एकमेकांचे पूर्वज कुटत होतो. तिथंच ठरलं, की आपापल्या गावची जुनी बाडं ज्यानं त्यानं उतरवायची आणि सापडेल ते एकमेकांना कळवायचं. निघताना ते म्हणाले, ‘‘आमच्या पणजीचं माहेर तुमचं गाव, असं घरात सांगत्यात. बघा कुठं नाव सापडतंय का.’’

मला सापडलं. पणजोबा वारले तेव्हा आमचे आजोबा चार वर्षांचे होते, त्यांची आई बाळंतपणातच गेलेली. त्यानंतर दोन वर्षं आमचा विहिरीवरचा मळा एका बाईच्या नावावर लागला होता. बाईचं नाव हेडमास्तरांच्या पणजीचंच. नावापुढे ‘भ्र॥’ अशी खूण आणि त्यापुढे आमच्या पणजोबांचं नाव. मॅट्रिकला मला संस्कृतात बरे गुण होते. भ्र म्हणजे भ्राता, दुसरं काय? बाई अमुक, भाऊ अमुक. म्हणजे हेडमास्तरांची पणजी ही आमच्या पणजोबांची बहीण. मी त्याच दिवशी मोठ्या कागदावर झाड काढलं, फांदीला फांदी जोडली आणि नक्कल धाडून दिली.

हेडमास्तरांचं उत्तर आलं ते झाडाबद्दल दोन ओळींचं आणि पुतण्याबद्दल दोन पानांचं. पुतण्या ग्रामसेवक होता, निर्व्यसनी होता, आणि आमच्या बहिणीला मागणी घातली होती.

वडील तयार होईनात. ‘‘इतक्या लांब? ओळख ना पाळख. पोरगी काय मेथीची जुडी हाय, दिली मोटारीत टाकून?’’

‘‘बाबा, परके नाहीत ते. आपल्या पणजोबांच्या बहिणीचं घर आहे. आपली पोरगी आत्याच्या घरी भाची सून म्हणून जाते.’’

वडिलांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. ‘‘कागदात हाय?’’

‘‘आहे.’’

‘‘मंग पाहू.’’

पाहुणे येऊन गेले, पोरगा-पोरगी एकमेकांना पसंत पडली, सुपारी फुटली. मी गावातून असा चालत होतो की जणू लग्न माझ्या कागदाशीच लागतंय.

लग्नाला अकरा दिवस उरले असताना कोटाचं माप द्यायला शिंप्याकडे गेलो. शिंपी माझा लहानपणचा दोस्त. त्याच्या घराण्याचाही एक कागद मी उतरवून आणला होता, तो ऐटीत वाचून दाखवू लागलो. बाई अमुक, तिचा भाऊ अमुक.

शिंप्याची कात्री थांबली. ‘‘काऊन बे मास्तर, माह्या आज्याले माह्या आजीचा भाऊ करून राह्यला?’’

‘‘असंच लिहिलंय. भ्र म्हणजे भ्राता.’’

‘‘मंग माहा बाप कुठून आला?’’

मी हसायला तोंड उघडलं. ते तसंच राहिलं.

‘‘भ्रतार असन ना बे ते! भ्रतार, म्हंजे नवरा. जात्यावर बाया म्हनतात, आयकलं नाई कधी? दळन तरी आयकत जाय.’’

शिंपी माप घ्यायला पुन्हा वाकला. छातीला टेप लावून म्हणाला, ‘‘श्वास सोड.’’ मला सुटेना.

कारण हिशेब सरळ होता. ती बाई पणजोबांची बहीण नव्हती, दुसरेपणाची बायको होती. नवरा मेला, दोन वर्षं मळा तिच्या नावावर राहिला, मग तिनं पाट लावला, म्हणजे दुसरं लग्न केलं, आणि ती दुसरबीडकडच्या घरी नांदायला गेली. तिथं तिचा मुलगा वाढला, तो हेडमास्तरांचा आजा, नवरदेवाचा पणजा. आता तो मुलगा कुणाचा? तिकडं जाऊन झालेला असेल तर ठीक. पण ती इथून जाताना कडेवर किंवा पोटात घेऊन गेली असेल, तर तो आमच्या पणजोबांचा. म्हणजे नवरदेवाचे पणजोबा आणि आमचे आजोबा एका बापाचे. एक कूळ, एक देवक. म्हणजे मी माझ्या सख्ख्या बहिणीचं लग्न भावकीतल्या मुलाशी जुळवून दिलं होतं, आणि वर कागद दाखवून.

शिंप्याकडून घरापर्यंत शंभर पावलं. मी घराचं दार ओलांडून पुढं गेलो आणि परत वळलो. अंगणात बाया हळद निवडत बसल्या होत्या. आईनं विचारलं, ‘‘झालं का माप?’’ मी म्हटलं, ‘‘हो, भ्रतार.’’ बायांना वाटलं मास्तरांनाही आता लग्नाची घाई झाली. त्या हसल्या. मी न्हाणीत जाऊन डोक्यावर थंड पाणी ओतून घेतलं.

दोन दिवस मी ताटावरून अर्धवट उठत होतो. आमच्या खोलीच्या भिंतीला ते झाड खिळ्यांनी ठोकलेलं होतं. मी एकटा असलो की ते माझ्याकडे बघायचं. जाळून टाकावं म्हटलं तर नक्कल सोयऱ्यांकडे. सांगावं म्हटलं तर पत्रिका वाटून झालेल्या. सुपारी फुटून लग्न मोडलेल्या मुलीला पुढं काय काय ऐकून घ्यावं लागतं ते मी गावात दोनदा पाहिलं होतं. आणि न सांगावं तर? अंतरपाट धरलाय, मंगलाष्टकं चालली आहेत, आणि त्या गर्दीत खरं ठाऊक असलेला एकच माणूस हातात अक्षता घेऊन उभा आहे, तो मी. एवढं डोळ्यापुढं आलं की मी परसाकडे पळायचो. आईनं ओवा दिला.

तिसऱ्या दिवशी बहीण मळ्यातून आली. पदरात काकड्या होत्या. त्या टोपलीत ओतत म्हणाली, ‘‘दादा, तो झाडाचा कागद मले देशीन?’’

‘‘कशाला?’’

‘‘नेते तिकडं. इतक्या लांब जाऊन राह्यली, तं जीव घाबरते ना. मंग तो कागद पाहते. आत्याच्याच घरी तं चालली, असं वाटते. मंग भेव नाई लागत.’’

मी काकडी उचलली आणि देठाकडून चावली. कडू होती. तीच खात राहिलो.

आता एकच रस्ता होता. पणजोबा वारल्याचं साल माझ्याकडे होतं. ती मळा सोडून गेल्याचं सालही होतं. तिकडच्या घरी मुलगा जन्मल्याची नोंद मात्र त्या गावच्या कोतवाल बुकात, आणि कोतवाल बुक उतरवलं होतं हेडमास्तरांनी. त्यांना पत्र लिहावं तर आमचा पोस्टमन कार्ड आधी स्वतः वाचायचा आणि मग ज्याचं त्याला मजकूर सांगत द्यायचा. म्हणजे जायलाच हवं, आणि काय विचारतोय ते तोंडानं सांगायलाच हवं. घरी म्हटलं, सोयऱ्यांकडे मानपानाचं बोलून येतो. आईनं वांग्यांची पिशवी दिली. चिखलीला गाडी बदलली. दुसऱ्या गाडीत मी पिशवी मांडीवर धरून बसलो होतो आणि शेजारच्या बाईनं दोनदा विचारलं, ‘‘भाऊ, यात जितं जनावर हाय का? हालून राह्यलं.’’

दुसरबीडला उतरून गावापर्यंत चालत गेलो. रविवार होता. दारात नवरदेवच उभा. ‘‘या, या,’’ म्हणत त्यानं पिशवी घेतली, आणि मी पहिल्यांदा त्याच्या कानांकडे नीट पाहिलं. आमच्या घरातले कान सुपासारखे पुढं आलेले असतात. त्याचेही होते! सुपारी फुटली त्या दिवशी हे कान होते कुठं? तो पाणी घेऊन आला तर अंगठा आमच्या वडिलांचा. हसला तर दात आजोबांचे. मी पाणी प्यायचं सोडून त्याचा एकेक अवयव आमच्या घरात मोजत बसलो. तो आत जाऊन आईला हळूच म्हणाला, पण मला ऐकू आलं, ‘‘हे असं काय बघायलेत माझ्याकडं? हुंडा तर आपन घेतला न्हाई.’’

हेडमास्तर बाहेर आले. माझा चेहरा बघून त्यांनी चहा सांगितला नाही. ‘‘चला, शाळेकडं जाऊ,’’ म्हणाले.

शाळा एका खोलीची. त्यांनी कुलूप काढलं. मी उभ्यानंच सांगायला सुरुवात केली, आणि सुरुवात झाली ती शिंप्यापासून. मग कोट, मग जात्यावरची गाणी, मग नवरदेवाचे कान. हेडमास्तर म्हणाले, ‘‘सावकाश.’’ शेवटी मी डोळे मिटून बोलून टाकलं. ‘‘भ्र म्हणजे भाऊ नाही. नवरा. तुमची पणजी आमच्या पणजोबांची बायको होती. मी चुकीचं वाचलं. तुमच्या आजोबांचा... म्हणजे नवरदेवाच्या पणजोबांचा जन्म कधीचा, तेवढं सांगा. आणि वाईट असेल तर आधी मला बसू द्या.’’

त्यांनी कपाटातून एक वही काढली, पान उघडलं आणि माझ्यापुढं सरकवली. मी साल वाचलं. बोटांवर मोजायला लागलो. दोनदा चुकलो. तिसऱ्यांदा त्यांनीच मोजून दिलं. पणजोबा गेल्यानंतर चौथ्या वर्षी, आणि ती मळा सोडून इकडं आली त्याला दीड वर्ष होऊन गेल्यावर मुलगा झाला होता. बापाच्या रकान्यात त्यांच्या घराण्याचं नाव होतं. आमच्या पणजोबांचा त्यात काही संबंध नव्हता. रक्त वेगळं, कूळ वेगळं. कान निव्वळ कान होते.

मी पोरांच्या बसायच्या पाटावर बसलो. छतातल्या चिमण्या ओरडत होत्या ते आत्ता ऐकू आलं.

हेडमास्तर माझ्याकडे टक लावून पाहत होते. ‘‘एक विचारू? तुम्हाला खरंच भाऊ वाटला होता?’’

‘‘हो.’’

‘‘म्हंजे मुद्दाम न्हाई लिहिलं?’’

‘‘मुद्दाम कशाला लिहीन?’’

त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. ‘‘पणजी पाटाची हे आम्हाला पहिल्यापासून ठाऊक. आमच्यात आता पाटाचं नाव कुणी काढत न्हाई, म्हणून माहेर म्हणायचं. तुमचा कागद आला, त्यात भाऊ! मी म्हटलं, वा, काय पोरगं आहे! मोडी वाचतं, म्हंजे खरं तर कळलंच असंल, पण आमची लाज राखली. असल्या घरची पोरगी आपल्यात यावी म्हणून तर मागणी घातली.’’

‘‘आणि आमच्या वडिलांना हे...’’

‘‘सुपारी फोडायच्या आधी मी त्यांना तुमच्या मळ्यात नेलं, हीच वही दाखवली. फसवून पोरगी आणायची न्हाई आम्हाला. ते लई वेळ विहिरीकडं बघत बसले. मग म्हणाले, त्या बाईले आमच्या लोकायनं रिकाम्या हातानं घालवून देल्लं होतं. आता पोरगी देतो, ते मानानं देतो. आन् म्हणाले, पोराजवळ हे काढू नका, त्यानं झाकलंय ते समजून झाकलंय, उगाच अवघडंल.’’

मला ‘कागदात हाय?’ असं विचारणारे वडील आठवले आणि मी खाली जमिनीकडे पाहिलं.

‘‘आता पोरीला खरं सांगा,’’ ते म्हणाले. ‘‘तुमच्याच घरची सून इथं आली, आन् मरेपर्यंत इथं मानानं नांदली. धीर यायला तेवढं पुष्कळ आहे. कागद नवा करून द्या तिला.’’

मी मान हलवली. ते कपाटाला कुलूप लावून वळले, पुन्हा माझ्याकडे पाहिलं, आणि इतका वेळ सांभाळलेलं ‘तुम्ही’ त्यांनी सोडून दिलं.

‘‘दोन महिने झाले, मी आन् तुझा बाप भेटलो की तुझ्या शहाणपणाचं कौतुक करतोय. आन् तुला तर नुसतं वाचताच येत न्हाई रे!’’